जांभळी नाक्यावरची मेथी

सकाळचे सात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर पालेभाजीच्या जुड्यांवर पाणी मारणं चाललंय. एक आजी मेथीची जुडी उलटी करून देठं बघतात. "कालची आहे ही." भाजीवाली हसते, खालून दुसरी काढून देते.

आजींची पारख बरोबर आहे. पानं शिळी होतात तसं त्यांतलं फोलेट घटत जातं. फोलेट म्हणजे बी-९ जीवनसत्त्व. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं, म्हणून हे नाव.

जीवनसत्त्वांनी ताकद येते, असं आपण सर्रास म्हणतो. पण फोलेटमधून एकही कॅलरी मिळत नाही. ते हमालकाम करतं. ओझं केवढं? एका कार्बन अणूचं! पेशीची दुसरी पेशी व्हायची तर आधी डीएनएची नक्कल हवी, आणि तिचे सुटे भाग जोडताना हा कार्बन वेळेवर पोचावा लागतो. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला २० लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात. हमालच नसले, तर पेशी नुसत्या फुगतात, दुभंगत नाहीत. रक्त कमी पडतं.

असं रक्त ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी इथून लोकलच्या अंतरावर, मुंबईत पाहिलं. १९२८ मध्ये त्या इथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग त्यांनी यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यात नेमकं काय होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते फोलेटच होतं.

गरोदरपणात फोलेटची घाई फार. बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. पुष्कळदा आईला अजून चाहूलही लागलेली नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटच्याच तयार रूपाची, गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायला सांगतात.

आणि हो, नुसती पालेभाजी खाऊन भागत नाही. बी-१२ नसेल तर फोलेट शरीरात असूनही अडकून पडतं, आणि बी-१२ भाजीत नसतंच. शाकाहारी घरात ते येतं दूध-दह्यातून.

दुपारी नौपाड्यातलं स्वयंपाकघर. मेथी निवडून ठेवलीय, शेजारी पालक उकडतोय. सून हिरवं पाणी, त्यात उतरलेल्या फोलेटसकट, सिंकमध्ये ओतायला वळते.

"अगं थांब, वरणात घाल ते."