भाषेला काहीतरी काम द्या

(ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

पत्रिका छापायला जाण्याआधी कार्यवाहकांचा फोन आला होता. बाकीच्या वक्त्यांच्या नावाला डॉक्टर आहे, एमबीए आहे, तुमच्या नावापुढं काय लिहू? म्हटलं, निपाणी लिहा. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण रेडिओवर बोलून पोट भरण्याइतपत जे काही शिकलो, ते बरंचसं तिथंच. बी.कॉम.चं दुसरं वर्ष चालू असताना वडील अंथरुणाला खिळले, कॉलेज सुटलं आणि मी तंबाखूच्या वखारीत दिवाणजींच्या हाताखाली लिहायला बसलो. यात पराक्रम नाही, रडगाणंही नाही. आमच्या गल्लीत निम्म्या पोरांचं असंच व्हायचं.

सीमाभागातला माणूस बोलायला उभा राहिला की मंडळात सगळे जरा सावरून बसतात, आता घोषणा येणार म्हणून. तो विषय चुकवत नाही, थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. १९६७ मध्ये या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला. निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं त्यात होतं, बेळगाव शहर मात्र तिकडंच ठेवलं होतं, म्हणून महाराष्ट्रानं तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दर १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिन. मी दोन्हीकडचे भोंगे बांधलेत, कारण दोन्हीकडचे भोंगे एकाच दुकानातून भाड्यानं जायचे आणि त्या दुकानात मी सुट्टीत काम करायचो. मालक एवढंच बघायचे की ॲम्प्लिफायर धड परत येतो की नाही.

तक्रार खोटी आहे असं मात्र नाही. माझ्या वडिलांच्या नावावर थोडी जमीन होती. तिचा उतारा कन्नडमध्ये यायचा आणि वडिलांना कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. स्वतःच्या जमिनीचा कागद शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचा. मास्तर भला माणूस, पण वडिलांच्या तोंडावरचा संकोच मला दिसायचा. मग मास्तरांनीच मला ओसरीवर बसवलं आणि तो उतारा समोर ठेवून अक्षरं शिकवली. म्हणजे माझं कन्नड ‘अ आ इ ई’ नं सुरू झालंच नाही. सर्व्हे नंबर, खातेदाराचं नाव, पिकाचा रकाना, पाण्याचा रकाना, असं सुरू झालं. महिन्याभरात मी तलाठ्यासमोर उभा राहून वडिलांना वाचून दाखवत होतो आणि ते उगाच दोनदा वाचायला लावत होते.

बाकीच्या भाषाही अशाच, काही ना काही कामासाठी आल्या. दखनी, म्हणजे आमच्याकडची उर्दूची बोली, आली विड्या वळणाऱ्या बायकांकडून. पानं भिजवून कापणं, वजन करून देणं, संध्याकाळी कट्टे मोजणं, बाद विड्यांवरून भांडणं, सगळं त्याच भाषेत. भांडताना आली नाही ती भाषा आली असं समजू नये. इंग्रजी आलं क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून. आकाशवाणीवर थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी अशी पाळी असायची. हिंदीत काय झालं ते कळलेलं असायचं, त्यामुळं पुढचं इंग्रजी निम्मं अंदाजानं समजायचं. शाळेतल्या इंग्रजीच्या तासाबद्दल बोलायला नको.

आणि रेडिओ. आमच्या घरात मर्फीचा जुना सेट होता, सुईचा. सुई डाव्या अंगाला नेली की ७६५ वर धारवाड, खणखणीत. उजवीकडं नेली की १२५१ वर सांगली. सांगलीच्या शेजारीच पणजी. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री आकाशातून परतून लांबवर जातात, त्यामुळं अंधार पडला की नको ती केंद्रंही आत घुसायची. दुपारी शेतकऱ्यांचा कार्यक्रम मराठीत, रात्री कोकणीत कुणीतरी बोलतंय आणि मधे कन्नड बातम्या. सुई केसभर हलवली की भाषा बदलायची. निवेदकाचा श्वास कुठं तुटतो, कन्नड बातम्यांत क्रियापद येईपर्यंत आवाज कसा धरून ठेवतात, हे कान आपोआप टिपत गेले. अभ्यास म्हणून केलं असतं तर कंटाळलो असतो.

याच काळात निपाणीत तंबाखू उत्पादकांचं १९८१ चं आंदोलन झालं. हमरस्ता अडवलेला, शेवटी गोळीबार, माणसं गेली. मी लहान होतो. पण एकच घटना वखारीत मराठीत सांगितली जायची, विडीवाल्या बायका दखनीत सांगायच्या, चिक्कोडीकडून आलेले गाडीवान कन्नडमध्ये सांगायचे, आणि प्रत्येक वेळी तिच्यात वेगळा माणूस पुढं यायचा. कुठं शेतकरी, कुठं पोलीस, कुठं रस्त्यात अडकलेला ट्रकवाला. बातमी एकट्याकडून ऐकून थांबायचं नाही, ही सवय मला तिथं लागली. पुढं लोकल केबलवर बातम्या वाचायला लागलो तेव्हा ती उपयोगी पडली.

माइक पहिल्यांदा हातात आला तो स्टुडिओत नव्हे, रिक्षात. मागं भोंगा बांधलेला, पुढं मी. नवीन पिक्चर, साड्यांचा सेल, पाणी येणार नाही. प्रत्येक चौकात मराठी, मग कन्नड, मग दखनी. रिक्षा चौकात जेवढी रेंगाळते तेवढ्यात तिन्ही बसवायचं. कुठला शब्द टाकायचा आणि कुठला गाळायचा, हे त्या वेळी शिकलो. आजही स्टुडिओत कुणी म्हणालं, वीस सेकंदं आहेत, तर मला ती भरपूर वाटतात.

मग जत्रा. रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काची माघातली जत्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. महाराष्ट्रातून बैलगाड्या येतात, भंडारा उधळतात, आणि माणसं हरवतात. हरवल्या-सापडल्याच्या मांडवात मला बसवायचे. चार वर्षांचं पोर आणून समोर उभं करतात. त्याला गावाचं नाव येत नाही, बापाचं नाव विचारलं तर ‘बाबा’ म्हणतं. माइकवर ओरडून काय सांगणार? आधी ते पोर कुणाचं हे ठरवायला हवं. मी त्याला चिरमुरे द्यायचो आणि गप्प बसायचो. थोड्या वेळानं ते रडायला लागायचंच, आणि रडताना आईला आपल्या घरच्या हाकेनंच हाक मारायचं. मग घोषणा कुठल्या भाषेत आधी करायची ते ठरायचं. अंगातला सदरा, कानातली बाळी, पायातला वाळा, हे सावकाश, दोनदा. कारण पलीकडं ऐकणारी बाई घाबरलेली असते, तिला पहिल्यांदा काहीच ऐकू जात नाही. ‘सर्व भाविकांना नम्र सूचना’ वगैरे सुरुवात केली की अर्ध्या लोकांचे कान तिथंच मिटतात. निवेदनाचे वर्ग पुढं बरेच पाहिले, त्यात यापेक्षा जास्त काही सांगितलेलं आठवत नाही.

रेडिओचे निवेदक अमीन सयानींचं नाव इथं काढायलाच हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बिनाका गीतमालेच्या आठवणी काढल्या असतील. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीनं चित्रपटगीतांकडं नाक मुरडलं आणि रेडिओ सिलोननं ती संधी उचलली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यांच्या आईबद्दल फार कुणी बोलत नाही. कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या, नव्यानं लिहा-वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी. एकच सोपी बोलीभाषा, पण छपाई नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. मुलगा त्या कामात आईच्या हाताखाली होता. ‘बहनों और भाइयों’ मधला तो मोकळा आवाज कुठून आला असा प्रश्न पडत असेल तर मी त्या पाक्षिकाकडं बोट दाखवीन. घरात तीन लिप्या होत्या आणि तिन्हींना काम होतं.

आता पदवीकडं येतो. मी कॅज्युअल निवेदक म्हणून एका केंद्राकडं अर्ज केला, तो परत आला. जाहिरातीत पदवीधर लिहिलं होतं, त्यामुळं त्यांच्याकडून नियमानं बरोबरच होतं. राग आला, पण नियम वाचला तर त्यातच वाट दिसली. नाटकाच्या आवाज चाचणीला पदवी विचारत नव्हते. तिथं गेलो. आमच्या सीमाभागाच्या मराठीत लिंगाचा घोळ असतो, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, सगळं एकाच माळेत. ‘तो खुर्ची’ म्हणणारे काका तुम्हाला बेळगावात आजही भेटतील. चाचणीत मीही कुठंतरी तसा घसरलो असणार. काचेपलीकडचे साहेब म्हणाले, पुन्हा करा, पण आता मुद्दाम तसंच करा. आणि मी पास झालो. पुढची काही वर्षं श्रुतिकेत सीमेवरचा गाडीवान, हॉटेलवाला, पोलीस पाटील आला की बोलावणं मला. शुद्ध मराठी मी नंतर शिकलो, पेन्सिलीनं कागदावर विरामाच्या रेघा मारून, मोठ्यानं वाचून. ‘भ’ आणि ‘फ’ माइकवर फुटू नयेत म्हणून तोंड जरा तिरकं धरायचं, कागद उलटायचा नाही तर सरकवायचा, हे सगळं दुसऱ्यांचं बघून. बेळगावच्या आर.पी.डी. कॉलेजात एके काळी पु. ल. देशपांडे शिकवायचे आणि पुढं तेही आकाशवाणीत गेले, असं मी घरी सांगायचो. आई म्हणायची, ते एम.ए. होते.

२००५ च्या धोरणानंतर खासगी एफएम लहान शहरांत आलं. त्यांना बातम्या द्यायची मुभा नव्हती, पण बोलणारी माणसं हवी होती, आणि ती लवकर हवी होती. डेमो सीडी दिली, दोन दिवसांत बोलावलं. कागदपत्रं कुणी पाहिलीच नाहीत. पण लिहून ठेवा, पगारही तसाच होता, आणि प्रोग्रॅम हेड व्हायची वेळ आली तेव्हा मात्र कुणाला तरी माझी पदवी आठवली.

इथं ऑस्ट्रेलियात आलो तो बायकोच्या जिवावर. ती परिचारिका, व्हिसा तिच्या पदवीचा, मी सोबतचं सामान. पहिलं वर्ष गोदामात खोकी उचलली. मग शनिवारी कम्युनिटी रेडिओत जायला लागलो. तिथं स्वयंसेवकांना स्वतःच शिकवतात: पॅनल कसं चालवायचं, लॉग कसा भरायचा, कुणाची बदनामी होईल असं काय बोलायचं नाही. पदवीचा प्रश्न नाही. तिथून हळूहळू पगाराचं काम मिळालं.

या देशातल्या बहुभाषिक रेडिओची सुरुवात मला फार आवडते. १९७५ मध्ये सिडनीत २ईए आणि मेलबर्नमध्ये ३ईए ही केंद्रं सुरू झाली. मेडिबँक ही नवी आरोग्य योजना येत होती आणि इंग्रजी न येणाऱ्या लोकांना ती समजावून सांगायची होती. त्याआधी १९७३ मध्ये टेलिफोनवरची दुभाषा सेवा निघाली होती. वारसा, संस्कृती हे शब्द नंतर आले. आधी दवाखान्याचा फॉर्म होता. माझ्या वडिलांच्या उताऱ्यासारखाच.

म्हणून मला आपल्या मुलांच्या मराठीबद्दल एक गोष्ट खटकते, ती सांगतो, रागावू नका. आपण त्यांना मराठी देतो ती दिवाळीच्या फराळासारखी, वर्षातून एकदा, बशीत सजवून. श्लोक, पोवाडा, लेझीम, टाळ्या. मुलाला कळतं की या भाषेत काही अडत नाही. मग ते का शिकेल? आणि घरात इंग्रजी मिसळलं की आपण दचकतो. मिसळू द्या. मी पाच भाषांच्या खिचडीत वाढलो आणि त्यातली प्रत्येक नीट वेगळी करता आली ती काम पडलं तेव्हा.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, मुलाला रेडिओत जायचंय, युनिव्हर्सिटी सोडतो म्हणतोय, तुमचं उदाहरण देतो, काय सांगू? ताई, त्याला सांगा, सोडू नको. मी पदवीशिवाय इथवर आलो हे खरं, पण प्रत्येक कायमच्या नोकरीच्या दारात मला अडवलंय आणि दर वेळी मागच्या दारानं जावं लागलंय. त्यात वर्षं गेली. त्याला ती घालवायचं कारण नाही. पदवी त्यानं पुरी करावी आणि शनिवारी आमच्याकडं यावं, दोन्ही होतं.

येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी एकच काम देतो. घरातल्या आजीला किंवा आजोबांना, डॉक्टरकडं गेल्यावर मराठी दुभाषा कसा मागायचा, हे मराठीत समजावून सांगायचं आणि ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणायचं. आधी सेवेची माहिती स्वतः वाचावी लागते, मग आजीचे प्रश्न सुरू होतात आणि तिथं मुलाची खरी परीक्षा असते. आजीला कळलं नाही तर ते टेपवर ऐकू येतंच, मग पुन्हा करायचं. दोन मिनिटांपेक्षा मोठं नको. नावं मागच्या टेबलावर द्या, पुढची तुकडी शाळेच्या सुट्टीत सुरू होतेय.