हा अलाय डेकमध्ये घ्यायचा की नाही?

मंडळी, बाहेर ऊन काय आहे ते सांगायची गरज नाही, मे महिन्यात दुपारी धरमपेठेत कुत्रं पण रस्त्यावर दिसत नाही, तरी तुम्ही इतके जण आले म्हणून खरंच बरं वाटलं. विषय एकच आहे. मार्व्हल चॅम्पियन्स या कार्ड गेमचा डेक बांधताना अलाय, म्हणजे हिरोच्या साथीदाराचं, कार्ड हातात आलं की आपण काय करतो, अटॅकचा आकडा बघतो, थ्वार्टचा, म्हणजे व्हिलनची स्कीम मागे रेटायच्या ताकदीचा, बघतो, मग कॉस्ट बघून म्हणतो 'चारचा आहे बाप्पा, लय महाग', आणि कार्ड परत डब्यात. अशानं फार चांगली चांगली कार्डं डब्यात पडून राहतात, आणि मला ते मनापासून खटकतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: फँटसी फ्लाइटचा 2019 चा गेम, एक ते चार जण मिळून एका व्हिलनच्या विरोधात. यात पैसे वेगळे नसतात, हातातलीच कार्डं टाकून दुसरं कार्ड खेळायचं. म्हणजे कॉस्ट 3 चा अलाय तीन कार्डांना नाही, चार कार्डांना पडतो, कारण तो स्वतः पण एक कार्डच होता ना, त्याला टाकून दुसरं काही खेळता आलं असतं. टाकलेल्या कार्डातून मिळतो तो रिसोर्स, काही कार्डं दोन रिसोर्स देतात, ते सध्या सोडून द्या.

आता मापाला हेमेकर घ्या, हे अलाय नाही, थेट डॅमेज देणारं कार्ड आहे. कॉस्ट 2, डॅमेज 3. तीन कार्डं गेली, तीन डॅमेज आला, एका कार्डाला एक. फार बारीक हिशोब नाहीये हा पण चालतो.

या मापानं मॉकिंगबर्ड ही अलाय बघा. कॉस्ट 3, थ्वार्ट 1, अटॅक 1, हेल्थ 3. चार कार्डं जाणार. ती अटॅक करो की थ्वार्ट, दर वेळी स्वतःची एक हेल्थ जाते, म्हणजे तीनदा वापरली तर तीन पॉइंट आणि खेळ खतम, सरळसरळ तोटा. असंच बघून लोक तिला काढून टाकतात. पण ती टेबलावर येतानाच एका शत्रूला स्टन करते, म्हणजे व्हिलनचा एक अटॅक गेलाच. आणि मुख्य म्हणजे तिला तीनदा वापरायचंच नाही, दोनदा वापरायचं आणि शेवटची हेल्थ ब्लॉकसाठी, म्हणजे व्हिलनचा अटॅक अडवायला, ठेवायची.

इथं जरा थांबून बोलतो, कारण सगळी गंमत इथंच आहे. अलाय डिफेंड करतो तेव्हा सगळा डॅमेज त्याच्यावर जातो, आणि त्याच्या हेल्थपेक्षा जास्त आला तर उरलेला वाया जातो. ऱ्हायनो हा व्हिलन तिसऱ्या स्टेजला आहे समजा, त्याचा अटॅक 4, अटॅक वाढवणारं बूस्ट कार्ड उलटलं, त्यावर दोन आयकॉन निघाले, झाले सहा. समोर आपला हिरो आयर्न मॅन, एकूण हेल्थ 9. एका फटक्यात त्याची दोन तृतीयांश हेल्थ गेली असती, आणि ते सगळं एका हेल्थवर उभ्या मॉकिंगबर्डनं घेतलं. अटॅकला ओव्हरकिल असेल तर मात्र उरलेला डॅमेज हिरोवर येतो, तेवढं बघून घ्या.

दुसरा फायदा लोक मोजतच नाहीत. वापरून आडवी झालेली आपली कार्डं प्लेअर फेज, म्हणजे आपली पाळी, संपताना रेडी, म्हणजे परत सरळ, होतात, व्हिलन त्याच्यानंतर येतो. तिथं हिरोनं डिफेंड केलं की तो एक्झॉस्ट, आणि पुढच्या आपल्या टर्नला तो तसाच आडवा पडलेला. शी-हल्क या हिरोचा अटॅक 3 आहे, तिला डिफेंडला लावलं की पुढचे तीन डॅमेज गेले. अलायनं ब्लॉक केला तर ती मोकळी. म्हणून मी ब्लॉकची किंमत लावताना वाचलेला डॅमेज अधिक हिरोची वाचलेली टर्न असं धरतो, आणि मग मॉकिंगबर्डचा हिशोब पार बदलून जातो.

निक फ्युरी या अलायचं पण असंच. कॉस्ट 4, म्हणजे पाच कार्डं, आणि राउंड संपला की तो निघून जातो हे वाचूनच लोक घाबरून राहिले. अरे पण येताना तीन कार्डं काढून देतो ना तो! खरा खर्च दोन कार्डांचा, त्यात दोन थ्वार्ट किंवा दोन डॅमेज, आणि जायच्या आधी व्हिलन फेजमध्ये एक ब्लॉक. लीडरशिप गटाची कार्डं घेणाऱ्यांकडे मेक द कॉल हे कार्ड असेल तर डिस्कार्डमधून, म्हणजे टाकलेल्या कार्डांच्या ढिगातून, कॉस्ट भरून त्याला परत आणा, परत तीन कार्डं.

किती जण खेळता हे पण बघावं लागतं. मारिया हिल आली की प्रत्येक प्लेअरला एक कार्ड. चौघं असाल तर तीन कार्डं टाकून चार परत आली, थ्वार्ट आणि ब्लॉक वेगळाच. एकटे असाल तर ठीकठाक. मॉकिंगबर्डचं उलट आहे, चौघांत व्हिलन प्रत्येकावर जातो आणि तिचा स्टन फक्त एकच अटॅक थांबवतो, आणि स्टॉलवर्ट असं लिहिलेला व्हिलन असेल तर तो स्टन होतच नाही.

हल्कबद्दल माझं मत जरा कडक आहे. कॉस्ट 2, अटॅक 3, हेल्थ 5, बघून तोंडाला पाणी सुटतं. पण अटॅक झाल्यावर डेकचं वरचं कार्ड टाकावं लागतं आणि त्यावर मेंटल रिसोर्स (रिसोर्सचा एक प्रकार) निघाला की हल्क गेला, ना ब्लॉक ना काही. मेंटल कार्डं भरपूर असलेल्या डेकमध्ये मी त्याला घेणार नाही.

मागून एका ताईंनी चांगलं विचारलं, की स्कीमवर थ्रेट, म्हणजे व्हिलनचा डाव किती पुढे गेला ते मोजणारी टोकनं, भरत आली असेल तरी ब्लॉकसाठी हेल्थ राखायची का? नाही ताई, मुख्य स्कीमचा शेवटचा टप्पा भरला तर गेमच हातचा गेला, तिथं शेवटची हेल्थ थ्वार्टला लावा. आणि त्या टर्नला तुम्ही अल्टर इगोवर, म्हणजे हिरोच्या साध्या माणसाच्या रूपात, जाणार असाल तर व्हिलन तुमच्यावर अटॅक करतच नाही, स्कीम करतो, म्हणजे तुमच्यासाठी ब्लॉकची गरजच नाही. फक्त शेजारच्याला आधी विचारा, तो हिरो फॉर्ममध्ये असेल तर व्हिलन त्याच्यावर जाणार, आणि तुमचा अलाय त्याच्यासाठी पण ब्लॉक करू शकतो.