गरिबाला मूठमाती

रोमच्या वेशीबाहेर निघालेला हा आप्पियन रस्ता. काळ्या दगडांचा, लष्करासाठी बांधलेला. इ.स. ६० च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा प्रचारक प्रेषित पौल याच वाटेनं कैदी म्हणून रोममध्ये आला. त्याच्या आधीच शहरात ख्रिस्ती मंडळी जमत होती. अशा रस्त्यांवरून फिरणाऱ्या साध्या माणसांनी येशूची वार्ता आणली होती.

कडेला बुरुजासारखं दिसतं ते सिसिलिया मेटेलाचं थडगं. ती बड्या घरची. गरिबाचं काय? वर्गणीतून अंत्यविधी करणारे संघ होते. रोमजवळच्या लानुव्हियम गावच्या एका संघाचे इ.स. १३६ चे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय, सलग काही महिने वर्गणी थकली तर दफनाचा खर्च मिळणार नाही.

आता खाली उतरू या. हे कॅलिक्स्टसच्या नावाचं, ख्रिस्ती लोकांचं भुयारी दफनस्थान. मऊ दगडात खोदलेल्या गल्ल्या, एकाखाली एक चार मजले, सगळ्या मिळून सुमारे २० किलोमीटर. भिंतीतले बहुतेक कप्पे एकेका देहापुरते. हे आखूड कप्पे पाहा, लेकरांचे. या जागेची देखरेख करणारा कॅलिक्स्टस एके काळी गुलाम होता. पुढे तो रोमचा बिशप, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती मंडळींचा प्रमुख झाला. आणि या दालनात तिसऱ्या शतकातल्या बिशपांच्या कबरी, ग्रीक अक्षरांत नावं कोरलेल्या. बाहेरच्या गल्लीत, चार पावलांवर, साधी माणसं.

गरिबांच्या दफनाचा खर्च कुठून येई? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन इ.स. १९७ च्या सुमारास लिहितो: महिन्यातून एकदा ज्याला जमेल तो, जमेल तेवढं देतो, सक्ती नाही. त्यातून गरिबांना जेवण आणि मूठमाती, अनाथांचा आणि म्हाताऱ्या नोकरांचा सांभाळ. २५१ मध्ये रोमची मंडळी १५०० हून जास्त विधवा आणि गरजूंना पोसत होती.

३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, ३८० मध्ये हा राजधर्म ठरला, जुन्या देवळांवर गंडांतर आलं.

पण प्रसाराचं सगळं श्रेय राजसत्तेला देण्याआधी मधल्या एका सम्राटाचं ऐकावं. ज्युलियन, जुन्या देवांकडे परतलेला, ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक. त्याच्या नावानं आलेल्या एका पत्रात या धर्माच्या वाढीची कारणं दिली आहेत: परक्यांशी माया आणि मेलेल्यांच्या कबरींची काळजी. आणि तिथंच आपल्या पुरोहिताला हुकूम आहे, गावोगावी धर्मशाळा काढा.