शिकागोची जुनी इमारत बघायची कशी? सुरुवात पायापासून!

(कॅमेरा: डिअरबॉर्न स्ट्रीट आणि जॅक्सन बुलेव्हार्डचा कोपरा. मागे मोनॅडनॉक इमारतीची तपकिरी भिंत.)

नमस्कार मंडळी! शिकागोला आलेले आपले लोक ‘बीन’ या चकचकीत शिल्पासमोर फोटो काढतात, नदीत बोटीने फिरतात, विलिस टॉवरच्या 103व्या मजल्यावर काचेवर उभे राहतात. जरूर करा. पण उंच इमारत बांधायची कशी हे जगाने जिथे शिकलं, त्या इमारती इथे लूप, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात पायी चालायच्या अंतरावर आहेत. आजचा फेरफटका जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. शक्यतो कामकाजाच्या दिवशी या, कारण यातल्या दोन इमारतींमध्ये ऑफिसं आहेत आणि त्या आतूनही बघायच्या आहेत. छोटी दुर्बीण असेल तर बरोबर ठेवा.

आधी जमिनीबद्दल. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीत घर बांधलेल्या माणसाला हे पटकन कळेल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे जातात. शिकागोचा त्रास वेगळा. इथे खाली मऊ, ओली चिकणमाती आहे. वर वजन आलं की तिच्यातलं पाणी वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं आणि इमारत बसत जाते. पक्का खडक लागतो साधारण शंभर फुटांच्या आसपास. 1871 च्या आगीत इथला व्यापारी भाग जळाला, जागेचे भाव चढले, लिफ्ट आली आणि मालकांना उंची हवी झाली. म्हणजे वजन वाढत चाललेलं आणि खाली चिखल. या शहराच्या आर्किटेक्टांची खरी परीक्षा तिथे होती.

आता मागे बघा. ही मोनॅडनॉक. ही एक इमारत नाही, दोन आहेत. जॅक्सनकडचा उत्तरेचा अर्धा भाग 1891 चा, बर्नहॅम आणि रूट या आर्किटेक्टांचा. व्हॅन ब्युरेनकडचा दक्षिणेचा भाग 1893 चा, होलाबर्ड आणि रोश यांचा. उत्तरेकडे 16 मजले विटांच्या लोड बेअरिंग, म्हणजे वजन पेलणाऱ्या भिंतींवर उभे आहेत. दक्षिणेकडे वजन स्टीलच्या सांगाड्यावर आहे आणि भिंत म्हणजे त्या सांगाड्याला घातलेलं पांघरूण. दोन वर्षांत बांधकामाची पद्धत कशी पालटली, ते एका फुटपाथवर उभं राहून दिसतं. अशी जागा जगात फारशी नाही.

(कॅमेरा: तळमजल्याच्या खिडकीच्या चौकटीवर क्लोजअप.)

ही खिडकी किती आत आहे बघा. तळाशी भिंत 6 फूट जाड आहे. आपल्या मापाने चार हात. वरच्या प्रत्येक मजल्याचं वजन भिंतीतूनच खाली येतं, म्हणून जितकं खाली याल तितकी ती जाड. मालकाच्या दृष्टीने हे नुकसानच: भाड्याने देण्याची जागा भिंतीने खाल्ली, उजेडही कमी झाला. आता सरळ दक्षिणेकडे चालत जा आणि तळमजल्याच्या खिडक्या बघत राहा. जोड ओलांडला की खांब सडपातळ होतात, काच रुंद होते.

आता भिंतीला गाल लावून वर बघा. खरंच लावा, लोक बघतील, बघू देत. तळाशी भिंत हलकेच बाहेर झुकते, मध्ये सरळ होते आणि अगदी वर पुन्हा बाहेर वळते. नक्षी नाही, कंगोरा नाही. मालक होते बॉस्टनचे ब्रूक्स बंधू, त्यांना दिखाऊ काही नको होतं. मग जॉन वेलबॉर्न रूटने सगळं सौंदर्य त्या वळणात ठेवलं. कोपऱ्याच्या विटा बघा, त्यांच्या कडा गोल आहेत. नेहमीची वीट तासून हे होत नाही, साच्यातून खास विटा काढाव्या लागतात. इमारत पुरी व्हायच्या आधीच, जानेवारी 1891 मध्ये, रूट न्यूमोनियाने गेला. वय अवघं 41. त्याच्या हातून आणखी काय घडलं असतं, हा विचार इथे मनात आल्याशिवाय राहत नाही.

आत शिरताना पायाकडे लक्ष द्या. रस्त्यावरून पायरी उतरून जावं लागतं. इमारत 8 इंच बसेल असा हिशेब होता, प्रत्यक्षात ती सुमारे 20 इंच बसली! आतल्या जिन्याचं ओतीव काम ॲल्युमिनियमचं आहे. त्या काळी बांधकामात हा धातू कोणी वापरत नसे, त्याच्या अगदी पहिल्या वापरांपैकी हा एक.

बसण्यापेक्षा वाईट म्हणजे कमी-जास्त बसणं. सगळी इमारत सारखी खाली गेली तर पायऱ्या बदलून भागतं. एक बाजू जास्त गेली की फरशी कलते, दारं अडकतात, भिंत फाटते. ॲडलर आणि सलिव्हन या आर्किटेक्टांच्या 1889 च्या ऑडिटोरियम इमारतीत हेच झालं. मनोरा जड, बाकीची इमारत हलकी. डँकमार ॲडलरने युक्ती केली: मनोरा चढायच्या आधीच त्याच्या पायावर लोखंडाच्या लाद्या आणि विटा रचून वजन टाकलं, म्हणजे तो आधीच दबून बसेल. पण पाया झाल्यावर बाहेरच्या भिंती हलक्या सामानाऐवजी दगडाच्या करायचं ठरलं. वजन वाढलं आणि पाया तोच राहिला. बाहेरच्या भिंती आतल्या खांबांपेक्षा जास्त खचल्या. लॉबीच्या फरशीचा उतार आजही पायाला जाणवतो. पाया घातल्यावर भिंतीचं सामान बदलू नये, हे आपला गवंडीही सांगेल.

(कॅमेरा: लासाल आणि ॲडम्सचा कोपरा, रूकरी.)

दोन चौक पश्चिमेला आणि एक उत्तरेला गेलं की रूकरी, 1888. पुन्हा बर्नहॅम आणि रूट. याचा पाया म्हणजे रुळांची चटई: रेल्वेचे रूळ आडवे-उभे थरांत रचून काँक्रीटमध्ये गाडायचे, म्हणजे वजन रुंद जागेवर पसरतं. पायासाठी नुसते दगडाचे ढीग रचत गेलं तर अख्खं तळघर त्यातच जातं, रुळांनी ती जागा वाचली.

इथे दुपारी बाराच्या सुमारास या. इमारतीच्या मधोमध चौक आहे, आपल्या वाड्यासारखाच, पण काचेच्या छपराचा. वीज महाग आणि अंधुक होती तेव्हा आतल्या ऑफिसांना उजेड याच चौकातून मिळायचा. लोखंडी सांगाडा आणि जिना रूटचा. खांबांवरचा पांढरा संगमरवर आणि सोनेरी नक्षी मात्र 1905 नंतरची, आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटची. 1992 मध्ये पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत एका खांबाचं आवरण मुद्दाम उघडं ठेवलं आहे. तो खांब शोधा. आत रूटचं नक्षीदार ओतीव लोखंड दिसतं. दोन पिढ्यांचं काम एकाच खांबावर.

आता ॲडम्सवरून पूर्वेला स्टेट स्ट्रीट. मॅडिसनच्या कोपऱ्यावर लुई सलिव्हनचं मोठं दुकान, पूर्वीचं कार्सन पिरी स्कॉट, आता तिथे टार्गेट आहे. वर सरळ पांढरी टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीचं आवरण, आणि रुंद खिडक्या, खाली दोन मजले ओतीव लोखंडाची पानं-वेली. जवळ जाऊन रंग बघा: हिरव्याखाली लालसर छटा डोकावते, जुन्या तांब्या-पितळेसारखी दिसावी म्हणून.

पुढच्याच चौकात, वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावर, रिलायन्स इमारत, 1895. खालचे मजले रूटच्या हयातीतले, वरचे आर्किटेक्ट चार्ल्स ॲटवुडचे. वरच्या दहा मजल्यांचं स्टील पंधरा दिवसांत उभं राहिलं. भिंत जवळपास नाहीच, काचच काच. मध्ये मोठी स्थिर काच, दोन्ही बाजूंना वर-खाली सरकणाऱ्या अरुंद खिडक्या: हीच शिकागो खिडकी. मधली उजेडासाठी, बाजूच्या वाऱ्यासाठी. पांढरी चकचकीत टेराकोटा पावसाने आपोआप धुतली जाईल अशी कल्पना होती. पण सांध्यातून पाणी आत गेलं की आतले लोखंडी आकडे गंजतात, गंज फुगतो आणि टेराकोटा आतून फुटते. म्हणून दुर्बिणीने वरचे सांधे बघा. जिथे तुकड्याचा पांढरा रंग किंचित वेगळा, तिथे दुरुस्ती.

शेवटचा थांबा आर्ट इन्स्टिट्यूट. 1893 मध्ये स्वामी विवेकानंद याच वास्तूत बोलले, म्हणून आपले लोक इथे येतातच. पण आत आणखी एक दालन आहे, ते चुकवू नका: ॲडलर-सलिव्हन यांच्या स्टॉक एक्स्चेंजचा व्यवहाराचा हॉल. मूळ इमारत 1972 मध्ये पाडली. रिचर्ड निकल नावाचा फोटोग्राफर सलिव्हनच्या इमारती पाडल्या जात असताना त्यांचे फोटो काढत असे, नक्षीचे तुकडे वाचवून ठेवत असे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये या इमारतीतून तुकडे काढताना वरचं बांधकाम कोसळलं आणि त्याखाली सापडून त्याचा मृत्यू झाला. हॉल पुन्हा उभारताना भिंतीवरच्या रंगीत नक्षीसाठी असे वाचवलेले तुकडे कामी आले. इमारतीची कमान बाहेर, मनरो आणि कोलंबस ड्राइव्हच्या कोपऱ्यावर उभी आहे. ती बघायला तिकीट लागत नाही.