पावर वाढवायचं औषध

नमस्कार श्रोतेहो.

जूनमध्ये शाळेची घंटा वाजली की पंधरा दिवसांत माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर जागा उरत नाही. रेनकोटातून पाणी ठिबकतंय, पोराचं नाक वाहतंय, आणि सोबतची आजी दारातूनच म्हणते, "डॉक्टर, ह्याची पावर वाढायचं काहीतरी लिहून द्या. सारखा आजारी पडतो."

सारखा म्हणजे किती, आजी? वर्षातून सात-आठदा. मग पोराचं काही बिघडलेलं नाही. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होतेच, बालवाडीचं पहिलं वर्ष असेल तर थोडी जास्तच. सर्दी करणारे विषाणू 200 च्या वर आहेत, आणि शरीराला एकेकाची ओळख करून घ्यावी लागते. प्रतिकारशक्ती म्हणजे काही गच्चीवरची टाकी नाही, की वरून टॉनिक ओतलं आणि भरली. ती ओळख लक्षात ठेवते. बरं, नुसती वाढवून तरी काय करायचंय? धुळीच्या कणावर किंवा शेंगदाण्यावर ती उगाच तुटून पडते, त्यालाच आपण अ‍ॅलर्जी म्हणतो.

लस म्हणजे आजार न होता करून दिलेली ओळख. गोवराचंच बघा. अंगावरचा पुरळ आठवड्याभरात जातो, पण हा विषाणू शरीराने आधी कमावलेल्या ओळखीही पुसून टाकतो. त्यामुळे गोवर होऊन गेलेलं मूल पुढे कित्येक महिने न्यूमोनिया, जुलाब यांना सहज बळी पडतं. 2022 मध्ये मुंबईत, गोवंडी भागात, गोवराची साथ आली तेव्हा लस राहून गेलेली मुलं त्यात बरीच होती. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत. दुसराच जास्त राहतो, कारण तोवर बाळ पळायला लागलेलं असतं आणि कार्ड कपाटात गेलेलं असतं. याच कार्डावर जीवनसत्त्व अ चे, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचे, एकूण नऊ डोस असतात. तेही मोजा.

आता झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं. माझ्याकडे येणाऱ्या काही घरांनी तो मिळालेला तास रात्रीच्या मालिकेला देऊन टाकला! पोर मोबाईल हातात घेऊनच अकराला झोपतं. अशा अर्धवट झोपेवर कुठलं टॉनिक काम करणार?

खाण्याबद्दल तुम्हाला नाचणी, शेवग्याचा पाला, मोडाची मटकी मी नव्याने सांगायला नको. माझं भांडण चहा-चपातीशी आहे. जेवणाबरोबर चहा प्यायला की पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह अंगी लागत नाही. उलट त्याच मटकीवर लिंबू पिळलं तर लोह चांगलं शोषलं जातं. लोह कमी पडलं की पोर फिकट, चिडचिडं होतं, आणि आजाराला तोंड द्यायची ताकदही कमी होते.

हात धुणं म्हणजे ताटात बोटं बुडवणं नव्हे. साबण लावून 20 सेकंद चोळायचे, बोटांच्या बेचक्यांतही. आणि झोपायच्या खोलीत डासांची कॉईल, दाराशी विडी, हे चालू ठेवून खोकल्याचं औषध मागू नका.

साध्या सर्दीला अँटिबायोटिकची गरज नसते, मागच्या वेळची उरलेली बाटली तर मुळीच काढू नका. पण श्वास जोरात चालला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, मूल पाणी-दूध घेईना किंवा गळून पडलं, तर रात्र असो की पाऊस, लगेच निघा.

त्या आजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काहीच लिहून देणार नाही?"

मी चिठ्ठीवर लिहिलं: जेवणाबरोबर चहा बंद, रात्री नऊला अंथरुणात, पुढच्या वेळी लसीचं कार्ड आणणे. आजींनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, चारदा घडी घातली, आणि पोराचा हात धरून समोरच्या मेडिकलच्या पायऱ्या चढल्या.