ऑझी स्मिथ: अडवलेल्या रन्सचा हिशोब

20 एप्रिल 1978, सॅन डिएगो. बेसबॉलची मॅच, पाद्रेस विरुद्ध अटलांटा ब्रेव्हज. अटलांटाचा जेफ बरोज हा तगडा बॅटर पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) बाजूनं सरळ मधून जमिनी फटका मारतो, बॉल आता मागे मैदानात जाणार असं सगळेच धरून चाललेत, आणि तेवढ्यात पाद्रेसचा एक बारीकसा पोरगा डावीकडे पूर्ण आडवा झेपावतो. इथे नीट बघा हं. तो हवेत असतानाच बॉल टप्पा खाऊन भलतीकडेच, त्याच्या मागे वळतो, ग्लोव्हचा हात तर पुढे गेलेला, मग तो उजवा मोकळा हात मागे नेतो, नुसत्या पंजात बॉल पकडतो, आपटतो, उठतो, आणि फर्स्ट बेसला थ्रो. आऊट. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, येऊन त्याला अजून दोन आठवडेही झाले नव्हते.

हा ऑझी स्मिथ, शॉर्टस्टॉप.

शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या (बॅटरनं धावत गाठायच्या टप्प्यांच्या) मधला, आतल्या मैदानातला फिल्डर. उजव्या हाताचे बॅटर जोरात ओढून मारतात तेव्हा बॉल बरेचदा त्याच्याच अंगावर येतो. बॅटरच्या आधी बॉल फर्स्ट बेसला पोचला तर तो आऊट, आणि बॅटर तिथे साधारण चार-सव्वाचार सेकंदात पोचतो, म्हणजे बॉलकडे धावायचं, खाली वाकून उचलायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा आणि लांबवर अचूक फेकायचा, हे सगळं तेवढ्या वेळात. क्रिकेटमध्ये मिसफिल्ड झाली तर एखादी रन जास्त जाते, इथे अर्धा सेकंद उशीर झाला की बॅटर सेफ आणि पुढचा सगळा डाव बदलतो.

ऑझीचा जन्म 26 डिसेंबर 1954, अलाबामातल्या मोबिलचा. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात आलं. सहा भावंडं, पैशांची ओढाताण, आणि 1965 ला वॉट्समध्ये दंगल पेटली तेव्हा बाहेरच्या गोळीबाराच्या भीतीनं ही मुलं घरात जमिनीवर झोपायची. हाच मुलगा घराच्या पायऱ्यांवर बॉल आपटत बसायचा आणि दर वेळी अजून जवळ जाऊन उभा राहायचा, म्हणजे परत येणारा बॉल पकडायला स्वतःला कमी वेळ मिळावा. छपरावरून बॉल पलीकडे फेकायचा आणि तो खाली पडायच्या आत घराला वळसा घालून पकडायला धावायचा. जमिनीवर पाठ टेकून, डोळे मिटून बॉल वर उडवायचा आणि अंदाजानं झेलायचा. बरोजचा तो बॉल पकडला तेव्हा लोक म्हणाले चमत्कार, पण मला विचाराल तर त्याची तयारी त्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं चालली होती.

लॉक हायस्कूलच्या टीममध्ये त्याच्यासोबत एडी मरे होता, पुढे तोही हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान) गेला. मरेकडे सगळ्यांचं लक्ष, ऑझीकडे फारसं कुणाचं नाही, तो लहानखुरा होता ना. कॉलेज टीममध्येही तो खेळाच्या स्कॉलरशिपशिवाय, स्वतःहून जाऊन घुसला आणि तिथेच डाव्या हातानंही बॅटिंग करायला शिकला. 1976 ला डेट्रॉईटनं ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तिथे) घेतलं पण पैशांवर जमलं नाही, 1977 ला पाद्रेसनं घेतलं आणि पुढच्याच एप्रिलमध्ये तो मेजर लीगमध्ये.

फिल्डिंग अफाट, पण बॅटिंग खरंच कच्ची. 1979 च्या सुरुवातीला सलग 32 अ‍ॅट-बॅटमध्ये एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) नाही, सीझन संपला .211 वर, म्हणजे दर हजार संधींमागे 211 हिट्स. आणि 1980 ला याच माणसानं 621 असिस्ट केले, म्हणजे त्याच्या थ्रोमुळे वगैरे समोरचे इतक्यांदा आऊट झाले, एका सीझनमध्ये कुठल्याही शॉर्टस्टॉपनं केलेले सगळ्यात जास्त! तरी पगाराची बोलणी आली की मालकांना बॅटिंगच दिसायची. भांडण इतकं टोकाला गेलं की त्याच्या एजंटनं पेपरमध्ये ऑझीला पार्ट टाइम काम हवंय अशी जाहिरात दिली आणि मालक रे क्रॉक यांच्या बायकोनं त्याला मदतनीस माळ्याचं काम देऊ केलं. हे मला आजही लागतं, कारण तेव्हा त्याच्या तोडीचा फिल्डर दुसरा नव्हता.

हे ज्याला कळलं तो माणूस म्हणजे सेंट लुईस कार्डिनल्सचा मॅनेजर व्हाइटी हर्झोग. त्याचं मैदान मोठं, खाली कृत्रिम टर्फ, त्यावर जमिनी बॉल सुसाट पळायचा, अशा ठिकाणी होम रन (थेट भिंतीपलीकडे जाणारा फटका) मारणाऱ्यापेक्षा बॉल अडवणारा जास्त उपयोगाचा हे त्यानं ओळखलं. आपला चांगला बॅटिंग करणारा शॉर्टस्टॉप गॅरी टेम्पलटन देऊन त्यानं 1982 ला ऑझीला आणलं आणि त्याच वर्षी कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकले. ऑझीनं बॉल हवेत उडवणं बंद करावं म्हणून हर्झोगनं पैजही लावली, जमिनी फटका मारलास की एक डॉलर तुझा, हवेत मारलास की माझा, आणि सीझनअखेर मॅनेजरलाच तीनशे डॉलरच्या आसपास द्यावे लागले म्हणतात. 1985 ला त्याला वर्षाला 20 लाख डॉलरच्या पुढचा करार मिळाला, मुख्यतः फिल्डिंगसाठी! तीन-चार वर्षांपूर्वी हाच माणूस जाहिरात देऊन काम मागत होता.

आणि मग 14 ऑक्टोबर 1985. डॉजर्सविरुद्ध नॅशनल लीग (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) फायनलची पाचवी मॅच, सिरीज 2-2, स्कोअरही 2-2, नववी इनिंग. समोर उजव्या हाताचा पिचर टॉम नीडनफ्युअर, म्हणून ऑझी डाव्या बाजूनं उभा. मेजर लीगच्या सीझन्समध्ये डावीकडून त्याचे तोवर 3009 अ‍ॅट-बॅट झालेले, होम रन शून्य. आणि बॉल उजवीकडची भिंत ओलांडून गेला! कॉमेंट्री करणारे जॅक बक ओरडत होते, वेडे व्हा लोकहो, वेडे व्हा. ती क्लिप मी कितीदा बघितली असेल, दर वेळी अंगावर काटा येतो.

कार्डिनल्स ती फायनल जिंकून वर्ल्ड सिरीजमध्ये गेले, तिथे मात्र कॅन्सस सिटीकडून हरले. त्याच सीझनमध्ये ऑझीचा खांदाही दुखावला होता, त्यानं ऑपरेशन टाळलं, व्यायामानं खांदा धरून ठेवला आणि बॉल हातातून अजून लवकर सोडायला लागला. 1987 ला तर .303, 75 रन्स बॅटिंगनं आणल्या, तेही एकही होम रन न मारता, आणि एमव्हीपीच्या (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानात दुसरा आला. ज्याला बॅट धरता येत नाही म्हणायचे त्याच्या नावावर शेवटी 2460 हिट्स आणि 580 स्टोलन बेस (फटक्याशिवाय धावून गाठलेले पुढचे बेस) जमा झाले. शिवाय सीझनच्या खास दिवशी मैदानात उतरताना तो कोलांटी मारायचा, पोरं त्यासाठीच लवकर येऊन बसायची.

1980 ते 1992 सलग 13 गोल्ड ग्लोव्ह (सर्वोत्तम फिल्डिंगचं बक्षीस), आणि 15 वेळा ऑल-स्टार मॅचसाठी (लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच) निवड. शेवट तितका गोड नव्हता, 1996 ला नवे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी रॉइस क्लेटनला जास्त खेळवलं आणि ऑझीला ते मनाला फार लागलं, ते त्यानं लपवलंही नाही. तरी त्या वर्षी मिळेल तेवढ्या मॅचमध्ये त्याची बॅटिंग .282 होती. क्लबनं त्याचा 1 नंबर त्याच वर्षी कायमचा राखून ठेवला.

2002 ला पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेम, 91.7 टक्के मतं, त्या वर्षी पत्रकारांच्या मतांवर निवडून आलेला तो एकटाच. शॉर्टस्टॉप म्हणून सगळ्यात जास्त डबल प्लेचा (एकाच फटक्यावर दोघं आऊट) त्याचा रेकॉर्ड पुढे ओमर व्हिस्केलनं मोडला. 8375 असिस्टचा मात्र अजून कुणाला मोडता आलेला नाही.