श्वासाची राखण

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात सोलापूर रस्त्यावर एएफएमसी आहे. पाटीवरचं नाव मोठं, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, पण पुण्यात सगळे एएफएमसीच म्हणतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी इथे आली १९६२ साली. पुढच्याच वर्षी, १९६३च्या तुकडीत, दिल्लीहून एक तमिळ मुलगी दाखल झाली. पद्मावती स्वामिनाथन. हीच मुलगी पुढे भारतीय हवाईदलातली पहिली महिला एअर मार्शल झाली, पद्मा बंदोपाध्याय या नावानं. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

पण सुरुवात गणवेशापासून नको, घरापासून करू या. त्यांचा जन्म १९४४चा, तिरुपतीचा. वाढल्या दिल्लीत. चार-पाच वर्षांच्या असतील, तेव्हा आईला फुप्फुसाचा क्षय झाला आणि आईनं अंथरूण धरलं. त्या काळात क्षय म्हटलं की घरादाराच्या पोटात गोळा यायचा. ज्या वयात मुलीनं अंगणात खेळायचं, त्या वयात ही आईच्या उशाशी बसून असायची. तिचा खोकला ऐकायची, औषधपाणी बघायची. क्षयाच्या माणसाचा एकेक श्वास कसा ओढून काढलेला असतो, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

गोल मार्केटला त्यांच्या शेजारी डॉ. पद्मावती राहत. लेडी हार्डिंग महाविद्यालयातल्या प्राध्यापिका, पुढे देशातल्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञ झालेल्या. नावही सारखंच! लहान मुलीच्या मनात अशी गोष्ट किती खोल जाऊन बसते. शाळेत तिचे विषय कला शाखेचे होते. तिथून विज्ञानाकडे वळणं तेव्हा सोपं नव्हतं, तरी ती हट्टानं वळली. किरोडीमल कॉलेजात वैद्यकीयच्या आधीचा अभ्यास पुरा केला आणि पुणं गाठलं.

१९६८ साली त्या हवाईदलात रुजू झाल्या. डॉक्टर आणि परिचारिका सोडल्या तर स्त्रियांना सैन्यात तेव्हा जागाच नव्हती. बाकीच्या शाखांची दारं किलकिली व्हायला १९९२ साल उजाडावं लागलं. बंगळुरूच्या हवाईदल रुग्णालयात असताना फ्लाइट लेफ्टनंट सतीनाथ बंदोपाध्याय यांच्याशी ओळख झाली, लग्न झालं. १९७१च्या युद्धात दोघंही पंजाबात हलवारा तळावर होते. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी ज्या तळांवर बॉम्ब टाकले, त्यांत हलवाराही होता. त्या युद्धातल्या कामगिरीबद्दल पती-पत्नी दोघांनाही विशिष्ट सेवा पदक मिळालं, आणि तेही एकाच समारंभात.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे येते, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ त्याचीच वाटते. त्यांनी निवडलेली शाखा म्हणजे विमान-वैद्यक. आपण आजारी माणसाला डॉक्टरकडे नेतो. इथे माणूस ठणठणीत असतो, बिघडलेली असते ती भोवतालची हवा. १८ हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या निम्म्यावर येतो. प्राणवायू कमी पडू लागतो आणि वैमानिकाला ते कळतही नाही. उलट त्याला फार छान वाटत असतं, जरा जास्तच आत्मविश्वास आलेला असतो, आणि हात मात्र चुकीच्या बटणाकडे जातो. ४० हजार फुटांवर मुखवट्यातला प्राणवायू तुटला तर शुद्धीत राहून काही करायला जेमतेम १५-२० सेकंद मिळतात. लढाऊ विमानानं जोरात वळण घेतलं की ७० किलोच्या माणसाचं अंग साडेतीनशे किलोचं होतं, रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे आधी करडं, मग काळं होतं. शरीर कुठवर साथ देईल आणि कुठे दगा देईल, हे आधीच ओळखून ठेवायचं, हे या डॉक्टरांचं काम. आईच्या उशाशी श्वास मोजणाऱ्या मुलीनं पुढे वैमानिकांच्या श्वासाची राखण करावी, यात मला एक सरळ धागा दिसतो.

हाच धागा त्यांना उत्तर ध्रुवाच्या प्रदेशातही घेऊन गेला. उष्ण देशातलं, आपल्यासारखं शरीर कडाक्याच्या थंडीशी कसं जुळवून घेतं, याचा त्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला. आर्क्टिकमध्ये असं संशोधन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आपले जवान १९८४पासून सियाचिनवर उभे आहेत, हे आठवलं की या अभ्यासाची गरज वेगळी समजवावी लागत नाही.

१९७८ साली त्यांनी तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांना वरच्या जबाबदाऱ्यांसाठी तयार करणारा, अभ्यासक्रम पुरा केला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. पुढे दिल्लीच्या सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंटच्या प्रमुख झाल्या. वैमानिक उडायला योग्य आहे की नाही, हे तिथे ठरतं. म्हणजे ज्या काळात स्त्रीला लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये बसायची परवानगी नव्हती, त्या काळात तिथे कोणी बसायचं हे तपासणाऱ्या संस्थेची सूत्रं एका स्त्रीच्या हाती होती. लढाऊ वैमानिक म्हणून पहिल्या तीन मुली २०१६ साली हवाईदलात आल्या.

२००४ साली त्या एअर मार्शल झाल्या. त्याआधी काही आठवडेच डॉ. पुनीता अरोरा लेफ्टनंट जनरल झाल्या होत्या. लष्करातला हा हुद्दा एअर मार्शलच्याच तोडीचा, आणि सैन्यदलांतल्या त्या हुद्द्याच्या त्या पहिल्या स्त्री. त्यादेखील एएफएमसीच्याच, १९६३च्याच तुकडीतल्या. एका वर्गात शेजारी-शेजारी शरीरशास्त्र शिकलेल्या दोन मुली! त्यांच्यानंतर तिसरं नाव आलं आपल्या डॉ. माधुरी कानिटकरांचं, २९ फेब्रुवारी २०२० रोजी. त्यांचंही शिक्षण इथलंच, आणि पुढे त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

त्याच २०२० साली पद्मा बंदोपाध्याय यांना पद्मश्री जाहीर झाली, वैद्यकातल्या कामासाठी. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या आणखी एका दारातून मुली आत गेल्या आहेत. खडकवासल्याच्या एनडीएमधून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, मे २०२५मध्ये पहिल्या १७ मुली संचलन करून बाहेर पडल्या. त्यांच्यातल्या ज्या हवाईदलात जातील, त्यांना विमानात बसण्याआधी एका डॉक्टरसमोर उभं राहावं लागेल. कानाला स्टेथोस्कोप लावून ते म्हणतील, ‘खोल श्वास घ्या.’

नमस्कार.